‘तीन वर्षांपूर्वी’ की ‘तीन वर्षांपासून’: जर्मन शिकणाऱ्या एका परिचारिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी व्यवसायाने परिचारिका आहे. तिची मातृभाषा मराठी, शालेय शिक्षण मराठीतून आणि नर्सिंगचे शिक्षण इंग्रजीतून झालेले. अतिदक्षता विभागातील नोकरी सांभाळून तिने जर्मनीत काम करण्याच्या हेतूने जर्मन शिकायला सुरुवात केली. तेथे परिचारिका म्हणून व्यावसायिक मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ (भाषाज्ञानाच्या युरोपीय श्रेणीतील एक पायरी) पातळीचे भाषाज्ञान लागते. तिची तयारी त्याच्या एक पायरी अलीकडे, म्हणजे बी-१ वर, चालू होती आणि एका रुग्णालयाने याच टप्प्यावर तिची ऑनलाइन प्राथमिक मुलाखत ठरवली होती.

तिने निवडलेल्या बी-१ च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात. प्रत्येक विभाग १०० गुणांचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण लागतात. एखादा विभाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. या विद्यार्थिनीचे वाचन आणि श्रवण पहिल्याच फेरीत पार पडले, लेखन राहिले. लेखनाच्या ६० मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात आणि त्यांपैकी शेवटचा बहुधा भेटीची वेळ बदलण्याबद्दलचा किंवा येता येत नसल्याबद्दलचा छोटा औपचारिक ई-मेल असतो. कधी, कुठे, केव्हापासून आणि केव्हापर्यंत हे सांगितल्याशिवाय असा ई-मेल लिहिताच येत नाही.

व्याकरण तिला येत नव्हते असे मात्र नाही. आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन ही दोन विभक्त्या घेणारी नऊ शब्दयोगी अव्यये तिला तोंडपाठ होती. ‘वो’ म्हणजे कुठे असे विचारले तर डाटिव्ह (साधारण आपली चतुर्थी) आणि ‘वोहिन’ म्हणजे कुठे जाण्याबद्दल विचारले तर आकुझाटिव्ह (साधारण आपली द्वितीया), हा नियमही ती न अडखळता सांगत असे. रिकाम्या जागा भरण्याच्या चाचणीत तिचे गुण वर्गात वरचे असत.

अडचण

अडचण खऱ्या अर्थाने उघडी पडली ती मुलाखतीत. सध्याच्या कामाबद्दल विचारल्यावर तिने सांगितले: ‘इश हाबं फोर द्राय यारन आउफ डेर इंटेन्झिव्हश्टाट्सिओन गेआर्बाइटेट.’ वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘फोर’नंतरचा डाटिव्ह बरोबर, ‘आउफ डेर’ बरोबर, क्रियापदाची जागाही बरोबर. परंतु त्याचा अर्थ ‘मी तीन वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागात काम केले’ असा होतो. तिला म्हणायचे होते की ती तीन वर्षांपासून तेथे काम करते आहे. समोरच्या व्यक्तीने साहजिकच पुढचा प्रश्न टाकला, की मग त्यानंतर तुम्ही काय केले. या प्रश्नाचा रोख तिच्या ध्यानात आला नाही. ती पुन्हा त्याच विभागातील कामाचे वर्णन करू लागली. तिच्या परिचयपत्रात नोकरी आजही चालू असल्याचे लिहिलेले होते, त्यामुळे कागद एक सांगतो आणि उमेदवार दुसरेच सांगते अशी विसंगती निर्माण झाली. मुलाखत सौजन्याने पण लवकर आटोपली.

दुसऱ्या दिवशी तिने शिक्षिकेला मुलाखतीचा वृत्तान्त सांगितला तेव्हा चुकीचे मूळही तिच्याच तोंडून बाहेर आले. “मॅडम, ‘फॉर थ्री इयर्स’ म्हणायचं होतं, म्हणून ‘फोर’ म्हटलं.” उच्चारातले साम्य आणि इंग्रजी काळरचना या दोन्हींनी मिळून ही दिशाभूल केली होती. इंग्रजीत चालू असलेल्या कामासाठीही पूर्ण काळाचे रूप वापरतात, म्हणून तिने ‘हाबं… गेआर्बाइटेट’ निवडले. तीन वर्षांचा कालावधी इंग्रजीत ‘फॉर’ने दाखवतात, म्हणून ‘फोर’ निवडले. शिक्षिकेने तिला विचारले, “आधी मराठीत सांग, तिथे कधीपासून आहेस?” ती म्हणाली, “तीन वर्षांपासून आहे.” “आता हेच जर्मनमध्ये सांग.” थोडा वेळ विचार करून तिने ‘इश आर्बाइटं झाइट द्राय यारन…’ अशी अचूक सुरुवात केली. मराठीत ‘पासून’ आणि वर्तमानकाळ, जर्मनमध्ये ‘झाइट’ आणि वर्तमानकाळ. दोन्ही भाषांची वाट एकच होती आणि आडवाट इंग्रजीची होती.

यानंतर शिक्षिकेने तिचे जुने लेखन आणि वर्गातील ध्वनिमुद्रणे एकत्र करून चुका नव्याने तपासल्या. धड्यांनुसार वर्गवारी करण्याचा रिवाज बाजूला ठेवून त्यांनी एकच निकष लावला: या चुकीमुळे ऐकणाऱ्याची काय फसगत होईल? त्यातून तीन ढीग तयार झाले. पहिल्यात अर्थच बदलणाऱ्या चुका होत्या, दुसऱ्यात वाचणाऱ्याला क्षणभर अडखळवणाऱ्या, आणि तिसऱ्यात केवळ व्याकरणाच्या, म्हणजे नामाआधीच्या आर्टिकलमध्ये डाटिव्हच्या ‘डेम’च्या जागी आकुझाटिव्हचे ‘डेन’ अशा स्वरूपाच्या. तिसरा ढीग सर्वांत मोठा होता आणि तोवरचा सगळा सराव त्याच्यावरच खर्च झाला होता. पहिल्या ढिगात जवळजवळ सगळी अव्यये कालवाचक निघाली. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम हेच होते. पुढचे सारे निर्णय त्यातूनच निघाले.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न तातडीचा होता: मुलाखतीतील गैरसमजाचे काय करायचे? गप्प बसून निकालाची वाट पाहणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग म्हणजे सविस्तर खुलासा आणि दिलगिरी. शिक्षिकेने दोन्ही नाकारले. लांब खुलाशात नव्या चुका होण्याचा धोका होता, आणि गप्प बसले तर परिचयपत्रावरच शंका राहिली असती. त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल पाठवायचे ठरले, ज्यात ‘झाइट’, सुरुवातीचा महिना व वर्ष, आणि ‘बिस हॉयटं’ म्हणजे ‘आजपर्यंत’ इतकेच स्पष्ट असेल.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा होता आणि त्यावर मतभेद झाले. अव्ययांचा संपूर्ण धडा तक्त्यासह पुन्हा घ्यावा असे एका सहकारी शिक्षकाचे मत होते. परंतु तक्ता तिला येतच होता. माहीत असलेल्या गोष्टीची उजळणी केल्याने निवडीची सवय बदलत नाही. रुग्णालयातील नेहमीचे शब्दसमूह जसेच्या तसे पाठ करून घ्यावेत, असाही एक प्रस्ताव होता. तो स्थळाच्या बाबतीत सोयीचा होता, पण कालवाचक वाक्यांत दर वेळी परिस्थिती बदलते, तेथे पाठांतर अपुरे पडले असते. तिसरा प्रस्ताव विद्यार्थिनीचा स्वतःचा होता, की परीक्षा पुढे ढकलावी. लेखनाचा विभाग स्वतंत्रपणे देता येत असल्याने त्यात नुकसान नव्हते, पण पुढे ढकलून नेमके काय वेगळे करायचे याचे उत्तर त्या प्रस्तावात नव्हते.

तिसरा प्रश्न वर्गाच्या धोरणाशी संबंधित होता. वर्गात केवळ जर्मनच बोलायचे असा दंडक होता. प्रत्यक्षात अडले की सगळे इंग्रजीकडे वळत. मराठीचा आधार घ्यायचा की नाही, यावर शिक्षिका साशंक होत्या, कारण मराठीही काही ठिकाणी फसवते हे त्यांना ठाऊक होते. शेवटी त्यांनी मर्यादित स्वरूपात मराठी वापरायचे ठरवले: कोणते मराठी रूप जर्मनशी जुळते आणि कोणते जुळत नाही, हे एकदा स्वच्छ मांडायचे आणि पुढचा सराव पुन्हा जर्मनमधूनच करायचा.

केलेली कृती: आधी काळ

क्रम ठरवताना काळ आधी आणि स्थळ नंतर असे ठरले. पाठ्यपुस्तकांत बहुधा याच्या उलट क्रम असतो. कारण सरळ होते. ‘आउफ डेम टिश’ऐवजी ‘आउफ डेन टिश’ म्हटले तरी औषध टेबलावरच आहे हे ऐकणाऱ्याला कळते. उपाशी ठेवायच्या रुग्णाबद्दल ‘आप’ आणि ‘झाइट’ यांत गल्लत झाली तर मात्र कळण्याचा मार्गच उरत नाही.

ही जोडी मराठी भाषकासाठी विशेष अवघड आहे, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे ‘पासून’च आहे. ‘रात्री दहापासून काही खायचे नाही’ आणि ‘रात्री दहापासून काही खाल्लेले नाही’ या दोन वाक्यांतला फरक मराठीत क्रियापद सांभाळते. जर्मनमध्ये तो अव्ययाने सांभाळावा लागतो. ‘आप २२ उअर न्युश्टर्न’ ही सूचना आहे: दहा वाजल्यापासून उपाशी ठेवा. ‘झाइट २२ उअर न्युश्टर्न’ ही नोंद आहे: दहापासून उपाशी आहे. पाळी बदलताना देण्याच्या निरोपात अशी वाक्ये क्रियापदाशिवाय, तुटक बोलली जातात, त्यामुळे सगळा भार त्या एका अक्षरगटावर येतो. शिक्षिकेने तिच्याकडून असे तुटक निरोप बोलून घेतले आणि प्रत्येकानंतर एकच प्रश्न विचारला: सुरू झाले आहे की सुरू व्हायचे आहे?

‘फोर’ आणि ‘झाइट’ यांची गल्लत तुलनेने लवकर सुटली, कारण तेथे मराठी नेमकी मदतीला येते: ‘पूर्वी’ म्हणजे ‘फोर’, ‘पासून’ म्हणजे ‘झाइट’. ‘कालपासून ताप आहे’ हे वाक्य ‘हाट झाइट गेस्टर्न फीबर’ असे सरळ उतरते. ‘बिस’चेही तसेच. इंग्रजीत मुदत आणि कालावधी यांसाठी ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ असे दोन वेगळे शब्द असल्याने ती मुदतीसाठी दुसरा शब्द शोधत असे आणि उच्चाराच्या साम्यावरून ‘बाय फ्रायटाग’ लिहीत असे. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रुग्णालयात आहे’ या दोन्ही ठिकाणी मराठी ‘पर्यंत’वर भागवते, जर्मनही दोन्हीकडे ‘बिस फ्रायटाग’वर भागवते.

‘तासाभराने’ या रूपाने मात्र थोडा वेळ घेतला. ‘तासाभराने डॉक्टर येतील’ येथे आत्तापासूनचा तास मोजायचा असल्याने ‘इन आइनर श्टुंडं’ हवे. ‘गोळी दिली आणि तासाभराने ताप उतरला’ येथे भूतकाळातील एका क्षणापासून मोजणी आहे, म्हणून ‘नाख आइनर श्टुंडं’. मराठी दोन्हीकडे एकच प्रत्यय लावून मोकळी होते.

वार, महिना, घड्याळ यांचा भाग फारसा अवघड नव्हता. वार, तारीख आणि दिवसाचे प्रहर यांना ‘आम’, महिना व ऋतू यांना ‘इम’, घड्याळाच्या नेमक्या वेळेला ‘उम’ आणि साधारण वेळेला ‘गेगन’, हे तिने सहज आत्मसात केले. रात्र तेवढी वेगळी, ‘इन डेर नाख्ट’, आणि नुसते वर्ष सांगताना अव्ययच नको. येथे एक अडथळा अनपेक्षित निघाला. ‘आम’ हे ‘आन डेम’चे आणि ‘इम’ हे ‘इन डेम’चे जोडरूप आहे हे तिला पुस्तकातून माहीत होते, पण वापरताना ती त्यांना स्वतंत्र शब्द समजत असे, म्हणून ‘आम नाख्ट’ अशी रूपे तयार होत. जोडरूप उलगडून लिहिण्याचा सराव दिल्यावर तिच्या लक्षात आले की ‘केव्हा’ सांगताना आन, इन, फोर आणि त्स्विशन नेहमी डाटिव्हच घेतात. ‘वो’ की ‘वोहिन’ हा घोळ तेथे उद्भवतच नाही. ‘यूबर’ मात्र कालावधीसाठी आकुझाटिव्ह घेते, जसे ‘यूबर डास वोखनएंडं’. निम्मी भीती या एका गोष्टीने गेली.

केलेली कृती: मग स्थळ

स्थळाच्या बाबतीत अडचण मुळातच वेगळी होती. मराठीत ‘खोलीत आहे’ आणि ‘खोलीत जाते’ या दोन्हींना ‘त’ चालतो. ‘डॉक्टरांकडे आहे’ आणि ‘डॉक्टरांकडे जाते’ या दोन्हींना ‘कडे’ चालते. ‘एक्स-रेला नेले’ आणि ‘एक्स-रेला गेला आहे’ या दोन्हींना ‘ला’ चालतो. जर्मन या प्रत्येक जोडीत भेद करते: ‘इम त्सिमर’ आणि ‘इन्स त्सिमर’, ‘बाइम आर्त्स्ट’ आणि ‘त्सुम आर्त्स्ट’, ‘बाइम र्योन्टगन’ आणि ‘त्सुम र्योन्टगन’. शिवाय स्थळासाठी आपल्याकडे सप्तमी आहे आणि जर्मनमध्ये ती विभक्तीच नाही. तिचे काम डाटिव्ह करते, ज्याला आपण चतुर्थी म्हणून ओळखतो. त्यामुळे मराठी मनाला ‘कुठे आहे’साठी डाटिव्ह उपरा वाटतो.

तिने पाठ केलेल्या नियमात एक सामान्य गफलत होती: हालचाल असेल तर आकुझाटिव्ह. हालचाल हा निकष नव्हेच. जागा बदलून नव्या ठिकाणी पोहोचणे हा निकष आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला चालवतात तेव्हा तो खोलीतल्या खोलीत फिरतो, म्हणून ‘डेर पाट्सिएंट लॉयफ्ट इम त्सिमर’. तो बाहेरून खोलीत येतो तेव्हा ‘इन्स त्सिमर’. चालणे दोन्हीकडे आहे. शिक्षिकेने हे तिला खुर्ची सरकवून, दारातून आत-बाहेर करून दाखवायला लावले आणि प्रत्येक कृतीबरोबर वाक्य बोलायला लावले. पेला ठेवताना ‘श्टेलन’ आणि आकुझाटिव्ह, ठेवल्यावर ‘श्टेहन’ आणि डाटिव्ह. आडवी वस्तू असेल तर ‘लेगन’ आणि ‘लीगन’. क्रियापदांची जोडी पक्की झाली की विभक्ती बरीचशी आपोआप सुधारते असा अनुभव येथेही आला.

उरलेल्या भागासाठी शब्दसमूह पाठ करण्याचा प्रस्ताव स्वीकारला गेला, कारण तेथे तर्कापेक्षा वहिवाट चालते. रुग्णालयात ‘इम क्रांकनहाउस’, पण विभागात ‘आउफ डेर श्टाट्सिओन’, आणि तातडीच्या विभागात पुन्हा ‘इन डेर नोटआउफनामं’. मराठीतला ‘वर’ या ठिकाणी फार घोटाळे करतो. भिंतीवरचे चित्र जर्मनमध्ये ‘आन’, टेबलावरचे पुस्तक ‘आउफ’ आणि खाटेच्या वर टांगलेला दिवा ‘यूबर’. आपण तिघांनाही ‘वर’ म्हणू शकतो. खाटेचे प्रकरण तर वेगळेच आहे. रुग्ण ‘इम बेट’ झोपलेला असतो, परिचारिका ‘आम बेट’ उभी असते, रुग्ण पाय सोडून बसतो तो ‘आन डेर बेटकांटं’ आणि वर पसरलेली चादर तेवढी ‘आउफ डेम बेट’. विद्यार्थिनी या चारही ठिकाणी ‘आउफ डेम बेट’ म्हणत असे. ज्या व्यवसायात दिवसभर खाटेभोवतीच काम चालते, तेथे ही एकच चौकडी पक्की करणे पन्नास अनोळखी उदाहरणांपेक्षा मोलाचे ठरले.

निष्पत्ती

चार ओळींच्या ई-मेलला उत्तर आले आणि तिला दुसरी मुलाखत मिळाली. तो ई-मेल नसता तरी ती मिळाली असती की नाही, हे सांगता येणार नाही; पण दुसऱ्या मुलाखतीत अनुभवाबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि या वेळी ‘झाइट’ने सुरू झालेल्या उत्तरानंतर संभाषण थेट कामाच्या तपशिलांकडे गेले. लेखनाचा विभाग तिने पुढच्या फेरीत पार केला.

सुधारणा सर्वत्र सारखी झाली नाही. कालवाचक चुका लेखनातून जवळजवळ नाहीशा झाल्या. स्थळाच्या बाबतीत लेखन सुधारले, बोलण्यात मात्र ‘डेम’ आणि ‘डेन’ अजूनही गडबडतात, विशेषतः वाक्य लांबले की. ‘नाख’चा मोहही पूर्ण सुटलेला नाही, ठिकाणी जाण्याच्या अर्थाने मुख्यतः शहर आणि बहुतेक देशांच्या नावांना लागणारे हे अव्यय ती कधीकधी खोलीलाही लावते. बी-२ च्या तयारीत हा भाग पुन्हा घ्यावा लागणार आहे.

वेगळे काय करता आले असते

चुकांची परिणामानुसार वर्गवारी मुलाखतीनंतर झाली. ती लेखनाचा विभाग पहिल्यांदा राहिला तेव्हाच शक्य होती. उत्तरपत्रिका हाती मिळत नसली तरी वर्गातील लेखनाचा साठा तेव्हाही उपलब्ध होता. रिकाम्या जागांच्या चाचणीतील चांगल्या गुणांमुळे कोणाला त्याची गरज भासली नाही. अशा चाचणीत अव्यय बहुधा छापलेले असते आणि विद्यार्थ्याला फक्त आर्टिकल भरायचे असते. म्हणजे जी निवड तिला जमत नव्हती, ती तिच्याकडून कधी मागितलीच गेली नव्हती.

मराठीच्या वापराबद्दल मत बनवताना सावध राहायला हवे. ‘झाइट’ आणि ‘बिस’च्या यशामुळे विद्यार्थिनी काही काळ प्रत्येक अव्ययासाठी मराठी जोडीदार शोधू लागली आणि ‘वर’ म्हणजे ‘आउफ’ हे समीकरण उलट अधिकच घट्ट झाले. जुळणारी आणि न जुळणारी रूपे एकाच बैठकीत शेजारी-शेजारी मांडली असती तर हे टळले असते. प्रत्यक्षात न जुळणारी रूपे बऱ्याच उशिरा आली.

क्रमाबद्दलचा निर्णय मला योग्य वाटतो, परंतु तो प्रत्येकाला लागू होईल असे नाही. ज्याला केवळ परीक्षा द्यायची आहे, त्याला तिसरा ढीगही तितकाच महाग पडतो, कारण परीक्षक व्याकरणाचे गुण कापतोच. या विद्यार्थिनीला वॉर्डात उभे राहायचे होते, म्हणून पहिल्या ढिगाला अग्रक्रम मिळाला.

एक भाग तर पूर्णच सुटला होता. घड्याळाची वेळ सांगताना ‘फोर’ आणि ‘नाख’ पुन्हा भेटतात, आणि तेथे ‘हाल्प आख्ट’ म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. आपण ‘साडे’ मागच्या तासाला जोडतो, जर्मन माणूस अर्धा तास पुढच्या तासाच्या नावाने मोजतो. त्यातच ‘फ्युन्फ फोर हाल्प आख्ट’ म्हणजे सात पंचवीस. लेखनात आकड्यांत वेळ लिहिल्याने ही गल्लत कधी दिसली नाही. दुसऱ्या मुलाखतीची वेळ फोनवर ठरवताना ती दिसली, आणि विद्यार्थिनीने वेळ आकड्यांत लिहून पाठवण्याची विनंती केली म्हणून निभावले. पुढच्या तुकडीसाठी शिक्षिकेने पाळी बदलतानाच्या निरोपांचे नमुने ध्वनिमुद्रित करून घेतले आहेत. त्यांत प्रत्येक वेळ शब्दांत बोललेली आहे आणि ऐकणाऱ्याला ती घड्याळाच्या चित्रावर काटे काढून दाखवावी लागते.